मामाजींच्या मांडीवरचं किट

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. तिच्यापासून लपवलेल्या माझ्या एकूण तीन गोष्टी आहेत, त्यातली ही सर्वांत मोठी. पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेत आलेलं मायक्रोप्रोसेसरचं किट माझ्या सासऱ्यांच्या हातून बिघडलं, असं सौंसरपासून रामाकोन्यापर्यंतच्या आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. ते त्यांच्या हातून बिघडलं नव्हतं. खरं तर ते बिघडलंच नव्हतं. (एवढी दोन वाक्यं लिहायला मला पंचवीस वर्षं लागली, तेव्हा ती जरा कोरडी वाटली तर सांभाळून घ्या.)

सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. मामाजी रेल्वेच्या छोट्या लाईनवर पार्सल क्लार्क होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही पार्सल फुटलं नाही, आणि ही माहिती त्यांच्याकडून न मिळालेला माणूस सौंसरमध्ये सापडणं कठीण होतं. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही. कपातला चहा संपेपर्यंत ते माझ्या हाताकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "काचेचं सामान कसं उचलता?"

"दोन्ही हातांनी," मी म्हणालो.

लग्न ठरलं.

रिटायर झाल्यावरही त्यांचं पार्सल ऑफिस बंद झालं नाही. सौंसरच्या त्या गल्लीत कोणाला नागपूरहून लोणच्याच्या बरण्या हव्या असोत, आरसा हवा असो, की गल्लीचा गणपती आणायचा असो, काम मामाजींचं. गणपती तर दरवर्षी त्यांच्या मांडीवर बसून यायचा. कंडक्टर म्हणायचा, "बाबूजी, ऊपर रख दो, जगह है." मामाजी म्हणायचे, "वर ठेवते ते सामान. मांडीवर ठेवते ते पार्सल." कंडक्टरही शेवटी शेवटी गणपतीचं तिकीट विचारायचा आणि सगळी बस हसायची. मामाजी हसत नसत. त्यांना खड्डे मोजायचे असत.

मी तेव्हा शाळेत इलेक्ट्रॉनिक्सच्या नव्या वर्गाचा मास्तर होतो. पक्का नव्हे, कच्चा. दर एप्रिलला माझी नोकरी संपायची आणि जुलैत पुन्हा उगवायची. ऐंशीच्या दशकाचे शेवटचे दिवस होते, कॉम्प्युटर हा शब्द नुकताच पांढुर्ण्यात आला होता, आणि प्राचार्यांच्या मते तो शिकवता येणारा तालुक्यातला एकमेव माणूस मी होतो. माझ्या मते कोणीच नव्हता. पण मला कोणी विचारलं नाही.

शाळेत एक टर्मिनल वर्षभरापासून आलेलं होतं. टर्मिनल म्हणजे एक पडदा आणि टाइपरायटरसारखी बटणं. ते एकटं काहीच करू शकत नसे, म्हणून दसऱ्याला त्याला हार घालत आणि एरवी फडक्याखाली ठेवत. त्याला जोडायचं ते किट आता नागपूरच्या एका दुकानात तयार होतं. किट म्हणजे पाटीएवढी हिरवी प्लेट, तिच्यावर काळे किडे बसवावेत तशा चिपा, वीस-पंचवीस बटणं आणि लाल आकड्यांची एक पट्टी. किट टर्मिनलला जोडलं की पोरांना पडद्यावर सगळं दिसणार आणि वर्ग सुरू होणार. सोमवारी जबलपूरहून शिक्षण खात्याचे साहेब ते पाहायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर मी पक्का होणार होतो.

मामाजी डोळे तपासायला नागपूरला निघालेच होते. "किट मी आणतो," ते म्हणाले. एखाद्या मोठ्या डॉक्टरने 'ऑपरेशन मी करतो' म्हणावं तसं.

दुकानदाराकडे किट होतं, पण किट आणि टर्मिनल यांच्या मधली केबल नव्हती. त्याने निरोप दिला, "केबल मास्तरांनी बनवून घ्यावी. साधी असते. तीन तारा."

तीन तारा! आता माझ्या वडिलांची रामाकोन्याला संत्र्याची बाग. मी चालायला लागलो तेव्हापासून विहिरीवरच्या मोटरच्या तीन तारा पाहत आलो होतो. आमच्याकडे प्रत्येक माणसाला एक नियम आईच्या दुधाबरोबर मिळतो: तारा ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने जोडायच्या. दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते, पाणी वर येत नाही आणि बाप काठी घेऊन येतो. मी केबलच्या दोन्ही टोकांना पंचवीस-पंचवीस पिनांचे जोड लावले आणि कामाच्या तीन पिना त्याच नियमाने जोडल्या. दोन नंबर दोनला, तीन तीनला, सात साताला. टॉर्चचा सेल आणि बल्ब लावून एकेक तार तपासली. तिन्ही वेळा बल्ब पेटला. कथलाचे डाग इतके सुबक दिले होते की मी ती केबल शालूला, म्हणजे बायकोला, बोलावून दाखवली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ही करते काय?"

"बोलणं इकडून तिकडे नेते."

"मग आपल्या घरी एक लावा," असं म्हणून ती आत गेली.

शाळेत दिवसा व्होल्टेज इतकं कमी असायचं की बल्बकडे सरळ पाहता यायचं. म्हणून प्राचार्यांनी टर्मिनल शनिवार-रविवारपुरतं माझ्या घरी न्यायची परवानगी दिली. हातगाडीवरून त्याची मिरवणूक आली. पाठोपाठ सौंसरच्या बसमधून मामाजी आणि मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, उतरले. खोका मामाजींच्या दोन्ही हातांत. खोक्यावर चारी बाजूंनी त्यांनी स्वतः वर जाणारे बाण काढले होते आणि लिहिलं होतं: काच समान, म्हणजे काचेसारखं जपा.

"आधी सही," मामाजी म्हणाले.

"कशाची?"

"माल सही-सलामत मिळाल्याची."

"मामाजी, घरातल्या घरात..."

"पार्सलला घर नसते, जवाईबुवा. प्रेषक असते आणि प्राप्तकर्ता असते."

मी सही केली. खोका न उघडताच केली. हे पुढे कागदोपत्री माझ्या विरुद्ध जायला हवं होतं, पण माझ्या विरुद्ध काहीही जाणं त्या घराण्यात शक्य नव्हतं. आमच्याकडे जावयाची चूक होत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत माझा धक्का लागून दुधाचं पातेलं सांडलं, तर मामींनी पातेल्याला शिव्या दिल्या होत्या. दोन दिवस ते पातेलं चुलीवर चढलं नाही.

किटला वीज दिली. लाल आकडे चटकन उमटले. मामींनी हात जोडले. टर्मिनलला वीज दिली. पडद्याच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकू लागली. मी मधे केबल लावली आणि पुस्तकात लिहिलेली बटणं दाबली.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबली. रेघ लुकलुकत राहिली. टर्मिनलवर अक्षरं टाइप केली, किटला त्याची खबर नाही. किटमधून हुकूम सोडला, टर्मिनल ढिम्म.

"बंद करून चालू करून पाहा ना," शालू म्हणाली.

ते अकरा वेळा केलं. दोन्हीकडचे वेग जुळवायचे बारीक खटके असतात, ते पुस्तकाबरहुकूम जुळवले, मग पुस्तकाविरुद्ध जुळवले, मग पुन्हा होते तसे केले. प्लगची अर्थिंगची तार पाहिली. घरातला पंखा बंद केला, मग रेडिओ बंद केला, मग मामींना बोलणं बंद करायला सांगितलं. किट एकटं ठीक होतं. टर्मिनल एकटं ठीक होतं. दोघं आपापल्या जागी धडधाकट आहेत पण एकमेकांशी बोलत नाहीत, तर घोळ मधल्याचा असतो, हे लग्न जमवणाऱ्या कोणत्याही माणसाला ठाऊक आहे. मला नव्हतं. मधली केबल मी बनवली होती.

"बोलून नाही राहिलं का ते?" मामींनी विचारलं.

"नाही."

"दोघं बी नवे हायेत. लाजत असतीन." मामींनी एक लिंबू आणलं, दोघांवरून उतरवलं आणि दाराबाहेर फेकलं. तरीही बोलेनात. तेव्हा मामींनी दुसरं लिंबू माझ्यावरून उतरवलं.

मामाजी खुर्चीत बसून हे सगळं पाहत होते. तीन तासांनी माझं डोकं बंद पडलं, आणि तोंड मात्र चालू होतं. मी सहज विचारलं. आजही शपथेवर सांगतो, अगदी सहज विचारलं, "मामाजी, बसमध्ये कुठं धक्का-बिक्का लागला होता का?"

शालूने माझ्याकडे पाहिलं. मामाजींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"लोधीखेड्याच्या अलीकडं," ते सावकाश म्हणाले, "एक गड्डा आला होता."

"अहो, पण तुमच्या मांडीवर होतं ना?" शालू म्हणाली.

"मांडीवरच होतं. पण मीच सीटवरून उचलल्या गेलो. चार बोटं. मी उचलल्या गेलो म्हणजे पार्सल बी उचलल्या गेलं. खाली येताना मी पहिले बसलो की ते, हे मले आता सांगता येत नाही."

"बाबा, चार बोटांनी काय होते?"

"चार बोटांनीच होते, शालू. धाडकन पडलेल्या पार्सलाचं बाहेरूनच दिसते. चार बोटांचंच आतल्या आत फुटते."

मी म्हणायला हवं होतं, 'छे, तसं काही नसेल.' मी म्हणालो, "हं."

मामाजींनी रात्री जेवण नको म्हटलं. सकाळी उठून पाहतो तर ते माझ्या टेबलावर फुलस्केप कागद घेऊन बसलेले. वर ठळक अक्षरांत हिंदीत लिहिलं होतं: क्षति रिपोर्ट. प्रेषक, प्राप्तकर्ता, वाहक. वाहकापुढे त्यांचं स्वतःचं नाव. 'क्षति का कारण' या रकान्यापुढे त्यांनी लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतं.

"मामाजी, हे कशाला?"

"डॅमेज लपवणं डॅमेजपेक्षा मोठं असते," ते मान वर न करता म्हणाले. "एकतीस वर्षांत हा फार्म मी दुसऱ्यांसाठी भरला. माझं नाव कसं दिसते त्यावर, ते पाहून राहिलो."

रविवारी दुपारी मामी त्यांना आणि शालूला घेऊन जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेल्या. मामींचं मारुतीकडे मागणं दुहेरी होतं: मशीन बोलतं होऊ दे, आणि शालूच्या बाबाचं तोंड उघडू दे. मी घरी एकटा. करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून किटचं पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं. (तोवर ते मी मधूनच वाचत होतो. पुस्तक पहिल्यापासून वाचणं हे हरल्याचं लक्षण, असं आम्हा मास्तर लोकांत मानतात.) शेवटून दुसऱ्या पानावर एक आकृती होती. दोन जोड, मधे तीन रेघा. सात नंबरची रेघ सरळ. आणि दोन व तीनच्या रेघा, एकमेकींना ओलांडून, फुलीसारख्या.

मी माझी केबल उचलली आणि त्या फुलीशेजारी धरली.

दोन नंबरची पिन बोलायची होती, तीन नंबरची ऐकायची. किटची तशीच आणि टर्मिनलचीही तशीच. मी मोठ्या निगुतीने एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाला आणि एकाचा कान दुसऱ्याच्या कानाला जोडला होता. दोघं शनिवारपासून एकमेकांच्या तोंडात ओरडत होते आणि दोन्ही कान शांतपणे एकमेकांना ऐकत होते. तारा पक्क्या होत्या, डाग सुबक होते, बल्ब तिन्ही वेळा खरं तेच सांगत होता. संत्र्याच्या बागेतला नियम इथं चालत नव्हता, एवढंच. इथं अदलाबदल केली नाही की उलटं होत होतं.

डाग द्यायचा कैया गरम केला. दोन डाग सोडवले, दोन दिले. सात मिनिटं लागली. बटण दाबलं आणि पडद्यावर ओळीने अक्षरं उमटली. मी टाइप केलं, किटने उत्तर दिलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादं मशीन माझं ऐकत होतं, आणि मला घाम फुटला होता.

तेवढ्यात दार वाजलं.

मामी पुढे, हातात प्रसाद. त्यांनी पडदा पाहिला आणि उंबरठ्यावरच थांबल्या. "पावला माय मारुती. अजून प्रसाद बी नाही वाटला, तं पावला."

शालू हसत होती. मामाजी मात्र सरळ माझ्याजवळ आले. "काय होतं, जवाईबुवा?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू.

आता इथे मी खरं सांगायला किती वेळ होता, याचा हिशेब मी पुष्कळदा केला आहे. चांगली चार-पाच सेकंदं होती. शालू माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, ज्या नजरेने तिने केबलकडे पाहायला हवं होतं. मामी माझ्या हातावर पेढा ठेवत होत्या. उद्या साहेब येणार होते. आणि केबल तर सुबक होती.

"एक चिप ढिली झाली होती," मी म्हणालो. "दाबून बसवली."

"धक्क्यानं?"

"...धक्क्यानंच असेल."

मामाजींनी मान हलवली. दोनदा. मग ते टेबलाजवळ गेले, फुलस्केप कागद घेतला आणि कारणाच्या रिकाम्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं. तो कागद मी कधी वाचला नाही. वाचायची गरज नव्हती, मजकूर मीच सांगितला होता.

सोमवारी साहेब आले. किट बोललं, टर्मिनल बोललं, प्राचार्य तर थांबेचनात. सगळं सुखरूप पार पडत होतं आणि दारातून पांढरं धोतर, काळा कोट अशा पोशाखात मामाजी आत आले. तो कोट त्यांनी रिटायर होण्याच्या समारंभानंतर अंगाला लावला नव्हता. त्यांनी साहेबांसमोर कागद ठेवला.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

"क्षति रिपोर्ट, साहब. सरकारी माल था. वाहक मैं था. झटका मेरे हाथ से लगा. जवाईबुवाने..." इथे त्यांनी हिंदी सोडून दिली, "आमच्या जवाईबुवानं दुरुस्त केलं. त्यांचं नाव खराब नाही झालं पायजे."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. सगळ्या स्टाफसमोर ते उभे राहिले आणि मामाजींशी हात मिळवला. म्हणाले, इतकी वर्षं नोकरी झाली, पण चूक स्वतःहून लिहून देणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला. मी त्या खोलीतच होतो. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं, हे बरं होतं. पण मग साहेब माझ्याकडेही वळले आणि त्यांनी वहीत शेरा लिहिला: वाहतुकीत बिघडलेलं यंत्र मास्तरांनी स्वतःच्या कौशल्याने दुरुस्त केलं.

मी पक्का झालो.

त्यापुढची माझी कीर्ती माझ्या हातात राहिली नाही. आजूबाजूच्या शाळांत किटं आली, बंद पडली आणि बोलावणी यायला लागली. मी जायचो, चारचौघांसमोर एकेक चिप गंभीरपणे दाबायचो, मग सगळ्यांना चहाला पाठवून केबल तपासायचो. बहुतेक ठिकाणी केबलच असायची. बनवणारा मास्तर बाजूलाच उभा असायचा आणि आणणाऱ्याकडे बोट दाखवायचा. मी त्याला कधी उघडं पाडलं नाही. माझ्या अंगी तेवढा मोठेपणा होता असं लोक म्हणतात.

मामाजी सौंसरला परतले ते रिकाम्या हातांनी. पुढच्या वर्षी गल्लीतली मंडळी गणपती आणायला सांगायला गेली, तर ते म्हणाले, "दुसऱ्याले सांगा. माझा हात आता तसा नाही राहिला." कोणीतरी दुसरा गेला. गणपती आला, पण उंदराचा एक कान वाटेतच राहिला. मामाजींनी तो कान नसलेला उंदीर पाहिला, आणि मंडळींना वाटलं आता तरी ते पुढच्या वर्षी जातील. गेले नाहीत. मामींच्या लोणच्याची बरणीसुद्धा ते स्वयंपाकघरातून ओसरीत नेत नसत. मी सासरी गेलो की चहाचा कप मामी आणत आणि मामाजी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेले असत. त्या मांडीवर काही नसे.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं. मामाजी आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत. पंगत बसायच्या आधी घरातल्या कुठल्याशा सुनेने आहेरात आलेला काचेचा सेट त्यांच्यापुढे केला, "आजोबा, धरता का जरा?" मामाजी चटकन मागे सरकले आणि दोन्ही हात पाठीशी नेले.

मी ते पाहिलं. मला राहवलं नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "मामाजी, एक सांगायचं राहिलं. त्या किटमध्ये तुमची काही चूक नव्हती."

त्यांचे डोळे भरून आले. मी पुढचं वाक्य तोंडात जुळवत होतो, तेवढ्यात ते माझा खांदा धरून उभे राहिले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाह्यलं का? इतके साल झाले, तरी हा माणूस माझ्या चुकीवर पांघरूण घालून राहिला!"

मांडव गहिवरला. व्याह्यांनी मला नमस्कार केला. मामी म्हणाल्या, "म्या तं पहिलेच म्हटलं होतं, देवमाणूस हाय." शालूने डोळ्यांना पदर लावला आणि वाढणाऱ्याने माझ्या पानात आणखी दोन जिलेब्या टाकल्या. मी त्या खाल्ल्या.

वाक्य अर्धंच झालं आहे. 'चूक तुमची नव्हती' एवढं मी मामाजींना दिलं. 'चूक माझी होती' हे अजून त्यांचं देणं आहे, आणि ते चारचौघांत द्यायचं आहे.